मदत हवी आहे: साडेतीनशे मतदान कर्मचारी, यंत्रांचे सहा संच आणि एक तास

नमस्कार मंडळी,

मी निफाड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. येत्या २० मे २०२४ च्या लोकसभा मतदानासाठी यंदा मला केंद्रावर न पाठवता मास्टर ट्रेनर म्हणून घेतलं आहे. दुसऱ्या प्रशिक्षणातला यंत्र हाताळणीचा तास माझ्याकडे आहे. समोर साधारण साडेतीनशे माणसं असतील: शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतले, पाटबंधाऱ्यातले, कॉलेजातले. सरावाला सहा संच मिळतील असं सांगितलंय. साठ मिनिटांत या सगळ्यांचा हात यंत्राला कसा लागेल, हे विचारायला आले आहे.

हात लागण्यावर माझा एवढा जोर का, ते सांगते. २०१९ ला, २९ एप्रिलच्या मतदानाला, मी पहिल्यांदा केंद्राध्यक्ष होते. आमच्या प्रशिक्षणात स्टेजवर एकच यंत्र होतं. मागच्या रांगेत बसून मी चार पानं टिपणं काढली. मतदानाच्या पहाटे मॉक पोल, म्हणजे खऱ्या मतदानाआधी यंत्र तपासायचं नमुना मतदान, छान झाला. पन्नास मतं टाकली, क्लोज केलं, रिझल्ट दाखवला, उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या कागदाशी आकडे जुळले. तेवढ्यात एक प्रतिनिधी मतदार यादीबद्दल काहीतरी विचारायला लागला. त्याला उत्तर देता देता मी हिरवं पेपर सील हातात घेतलं. आमचे मतदान अधिकारी क्रमांक ३ एका शाळेतले प्रयोगशाळा सहायक होते, अनुभवी माणूस. ते म्हणाले, "मॅडम, सील करायच्या आधी टोटल दाबून दाखवा." टोटल दाबलं. पन्नास. क्लिअर करायचं, म्हणजे ती नमुना मतं पुसायची राहिली होती, आणि व्हीव्हीपॅटच्या (मताची छापील चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्राच्या) पेटीतल्या चिठ्ठ्याही तशाच होत्या.

सात वाजायला दहा मिनिटं होती. क्लिअर केलं, टोटल शून्य दाखवलं, चिठ्ठ्या काढल्या, मागे मॉक पोलचे शिक्के मारून काळ्या लिफाफ्यात बंद केल्या. मतदान वेळेवर सुरू झालं. ते सर बोलले नसते तर संध्याकाळी यंत्रातला आकडा आणि मतदार नोंदवहीतला आकडा जुळला नसता, आणि त्या केंद्रावर उन्हात उभं राहून मत दिलेल्या प्रत्येकाच्या मतावर शंका आली असती. ते अजूनही आठवतं आणि पोटात खड्डा पडतो.

क्लिअर मला शिकवलं होतं. वहीत लिहिलेलंही होतं. हाताला सवय नव्हती.

म्हणून माझे प्रश्न. सहा संचांवर गर्दी कशी वाटायची? उमेदवारांची माघार ६ मे ला संपेल. एका बॅलट युनिटवर, म्हणजे मतदार बटण दाबतो त्या यंत्रावर, नोटासकट सोळाच बटणं, त्यामुळे दोन युनिटं लागली तर जोडणी बदलते. दोन्ही प्रकार दाखवू का, की गोंधळ वाढेल? चिठ्ठीवर दुसरंच नाव आलं अशी मतदाराने तक्रार केली तर घ्यायच्या चाचणी मताचा नियम एवढ्या वेळात शिकवावा का? आणि तुम्ही कधी केंद्रावर बसला असाल, तर प्रशिक्षणात काय मिळालं नाही म्हणून तिथे अडलात?

– कादवाकाठ

प्रतिसाद: जुना केंद्राध्यक्ष

मॅडम, दुसऱ्या प्रशिक्षणाच्या वेळी कर्मचाऱ्यांची सरमिसळ होऊन चौघाचौघांची पथकं ठरलेली असतात. लोकांना खात्याप्रमाणे बसू देऊ नका, पथकाप्रमाणे बसवा. साडेतीनशे म्हणजे अठ्ठ्याऐंशीच्या आसपास पथकं, एका टेबलाला पंधरा. पथकाला चारच मिनिटं येतात, पण मॉक पोल पन्नास मतांचा न करता तीन मतांचा करा. एक मत, सात सेकंद चिठ्ठी दिसते, ती पडते. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर, टोटल शून्य. चार मिनिटांत बसतं. एक पथक करत असताना पुढचं पथक हातात यादी घेऊन उभं राहील आणि चुकलं की थांबवेल. म्हणजे प्रत्येक पथकाच्या डोळ्यांखालून ते दोनदा जातं. तुमचे ते सर जे बोलले, ते बोलायची सवय अशीच लागते.

दोन युनिटांची जोडणी दोनच टेबलांवर ठेवा. एक युनिट नीट जमलं की दुसरं जोडायला घाबरत नाहीत.

व्हीव्हीपॅटच्या मागचा पेपर रोलचा खटका मात्र प्रत्येकाला फिरवायला लावा, तोही कंट्रोल युनिट (अधिकाऱ्याकडचं, मतं साठवणारं यंत्र) बंद असताना. प्रवासाच्या स्थितीत राहिलेल्या खटक्यामुळे पहाटे साडेपाचला फोन सुरू होतात. व्हीव्हीपॅट खिडकीसमोर किंवा दिव्याखाली ठेवायचं नाही, हेही टेबलावरच दाखवा.

प्रतिसाद: पहिलीच ड्युटी

ताई, मी गेल्या वेळी मतदान अधिकारी २ होते, पहिल्यांदाच. यंत्र सगळ्यांनी शिकवलं, शाई कोणी शिकवली नाही. मी आधी सही घ्यायचे आणि मग शाई लावायचे, कारण बँकेत सहीच आधी असते. दहा वाजता केंद्राध्यक्षांनी सांगितलं तेव्हा कळलं: आधी डाव्या हाताच्या तर्जनीवर नखाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत रेघ, मग नोंदवहीत सही किंवा अंगठा. तेवढ्या वेळात शाई वाळते, आणि पुढे तीन नंबरचा अधिकारी बोट बघूनच बॅलटचं बटण दाबून मत द्यायला यंत्र खुलं करतो. ज्यांच्या हातात यंत्र येणार नाही त्या एक आणि दोन नंबरच्या लोकांना बाजूला घेऊन यादीवरची खूण, शाई, नोंदवही, चिठ्ठी असं करायला लावा. नाहीतर ते तासभर बघत उभे राहतात.

आणि कृपा करून सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करा, नाहीतर तुमचा अर्धा तास त्यातच जाईल. आपलं स्वतःचं मत कुठे द्यायचं? माझ्या शेजारची नाशिकरोडची बाई इगतपुरीला होती. मतदारसंघ नाशिकच, म्हणून तिला नमुना १२ ए भरून ड्युटी प्रमाणपत्र मिळालं आणि तिने ड्युटीच्या केंद्रावरच मत दिलं. मी कळवणला, म्हणजे दिंडोरी मतदारसंघात, म्हणून मला नमुना १२ आणि टपाली मत. मालेगाव-बागलाणला जाणारे तर धुळे मतदारसंघात जातात. टपाली मत आता सुविधा केंद्रावरच द्यायचं आहे, तेही सांगा.

प्रतिसाद: क्षेत्रीय अधिकारी म्हणून काम केलेला

मला सगळ्यात जास्त फोन येतात ते "यंत्र बंद पडलं, काय बदलू" म्हणून. एवढं पाठ करून घ्या: मॉक पोलमध्ये जे बिघडलं तेवढंच बदलायचं. मतदान सुरू झाल्यावर फक्त व्हीव्हीपॅट बिघडलं तर फक्त व्हीव्हीपॅट. कंट्रोल किंवा बॅलट युनिट बिघडलं तर तिन्ही, म्हणजे पूर्ण संच, आणि नव्या संचावर नोटासकट प्रत्येक उमेदवाराला एकेक मत टाकून पुन्हा मॉक पोल.

दुसरं सहा वाजताचं. रांगेत उभ्या असलेल्यांना सहीच्या चिठ्ठ्या द्यायच्या, त्या शेवटच्या माणसापासून पुढे. पुढून द्यायला घेतल्या की मागे माणसं येऊन उभी राहतात आणि वाद होतो. शेवटचं मत झालं की क्लोज दाबायचंच. ते राहिलं तर मतमोजणीच्या टेबलावर निकाल दिसत नाही.

चाचणी मत शिकवाच, पण शेवटच्या पाच मिनिटांत, नुसतं सांगून. मतदार म्हणाला की चिठ्ठीवर दुसरंच नाव आलं, तर आधी खोट्या तक्रारीच्या शिक्षेची कल्पना द्यायची, लेखी घ्यायचं, नोंदवहीत दुसरी नोंद करायची, प्रतिनिधींसमोर एक मत टाकायला लावायचं. तक्रार खोटी निघाली तर शेरा मारून ते मत नमुना सतरा सीमध्ये, म्हणजे केंद्रावरच्या मतांच्या हिशेबात, वजा होण्यासाठी नोंदवायचं. खरी निघाली तर मतदान थांबवून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना कळवायचं. केंद्राध्यक्षाने त्या क्षणी मतदाराशी वाद घालू नये, एवढं सगळ्यांत आधी सांगा.

कादवाकाठ:

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. तीन मतांचा मॉक पोल आणि पुढच्या पथकाच्या हातात यादी, हे नक्की करते. एक-दोन नंबरच्या अधिकाऱ्यांसाठी दोन बाकं वेगळी लावते, शाईची बाटली घेऊन. आमच्याच शाळेतल्या दोन शिक्षिका मदतीला यायला तयार आहेत. जेवणाच्या सुट्टीत संच उचलू नका, अशी विनंती साहेबांना उद्या करणार आहे.

एक राहिलंच. पथकं कुठे जाणार हे शेवटच्या सरमिसळीपर्यंत कळत नाही, पण काही जण सुरगाणा, पेठकडे जातीलच. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना यंत्र समजावताना केंद्राध्यक्षाला मतदान कक्षात जाता येत नाही. बाहेर, प्रतिनिधींसमोर, पुठ्ठ्याच्या बॅलट युनिटवरच दाखवायचं असतं, आणि त्यावर खऱ्या उमेदवाराचं चिन्ह नको. मी पुठ्ठ्याची सहा युनिटं मुलांकडून करून घेते आहे. तिकडची कोकणी (कोकणा आदिवासींची) बोली येणारं इथे कोणी असेल तर "निळं बटण दाबा, लाल दिवा लागेपर्यंत थांबा, चिठ्ठी पडेपर्यंत बघा" एवढी तीन वाक्यं तिकडच्या बोलीत लिहून द्याल का? प्रत्येक पथकाच्या फाइलला लावते.