रेंजचा दोष असेल तर फोन बदलून घ्याच

"कंपनी फोन परत मागवून बदलून देतेय, पण बाकी सगळं छान चालतंय, फक्त रेंज जाते, मग बदलायची यातायात कशाला?" हे तुमचं म्हणणं कळतं, पण मी बदलूनच घेईन. कंपनी स्वतःहून फोन परत मागवतेय म्हणजे दोष बहुधा अँटेनात किंवा आतल्या जोडणीत आहे, आणि तो अपडेटने जात नाही. शिवाय रेंज कमी असली की फोन जास्त ताकदीने सिग्नल फेकतो, त्यामुळे तापतो आणि बॅटरीही लवकर उतरते.

माझ्या आधीच्या फोनचं हेच होतं. टेबलावर चार दांड्या, कानाला लावला की एक! पण दांड्यांवर विसंबू नका. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) दिसतो. उणे ८५ म्हणजे चांगला, उणे ११० म्हणजे रडतखडत. १० चा फरक म्हणजे सिग्नल थेट एक दशांश. तेच सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून त्याच जागी उभं राहून बघा, नेटवर्कचा दोष की फोनचा ते लगेच कळेल.

२०१० मध्ये आयफोन ४ ची डाव्या कडेची फट हाताखाली आली की सिग्नल पडायचा. तेव्हा ॲपलने फोन परत मागवले नव्हते, फुकट कव्हरं दिली होती. तुम्हाला फोन बदलून मिळतोय, तर सोडू नका.

देण्याआधी बॅकअप घ्या, लॉगिन कोडचं ॲप नव्या फोनवर नेल्याशिवाय जुना पुसू नका, आणि आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) लिहिलेली पावती मागून घ्या. बदली फोन नवा आहे की दुरुस्त केलेला, हेही आधीच विचारा.