खालचा जबडा रुंद करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मधल्या दोन दातांमधली हिरडी बसली आहे

प्रश्न (एक वडील, घाटंजी तालुका)

माझ्या 19 वर्षांच्या मुलीचा खालचा जबडा अरुंद असल्याने समोरचे दात एकमेकांवर चढले होते. चांगले दात काढावे लागू नयेत म्हणून नागपुरात तिच्या जबड्याचे हाड हनुवटीच्या मधोमध कापून स्क्रूचे उपकरण बसवण्यात आले. सहा दिवसांनंतर सकाळ-संध्याकाळ मिळून रोज एक मिलिमीटर याप्रमाणे आठवडाभर आम्ही घरीच चावी फिरवली, आणि ते काम थांबवून आता पाच आठवडे झाले आहेत. मधल्या दोन दातांमध्ये पडलेली फट थोडी आपोआप भरत आली आहे. परंतु त्यांच्यामधली हिरडीची टोकदार पाकळी बसली असून डाव्या दाताचे मूळ तांदळाच्या दाण्याएवढे उघडे दिसते. तो दात किंचित हलतो व गार पाणी लागले तरी त्याला काही कळत नाही. सुटी देताना ‘स्वच्छता ठेवा’ एवढेच सांगितले गेले. टाके उसवतील या भीतीने ती त्या जागी ब्रश लावत नाही, मिठाच्या गुळण्यांवर भागवते. पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे. दात वाचेल ना? फट लवकर बंद करून घ्यावी का?

उत्तर (हिरड्यांचे उपचार करणारा दंतवैद्य, वर्धा)

भाऊ, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण नुकसान होते ते तिथेच. फट पडणे हा बिघाड नाही. हाड खरोखर फाकल्याची ती खूण आहे. मोडलेल्या पायाला रिंग लावून हाड वाढवण्याची जी पद्धत रशियातील इलिझारोव्ह यांनी 1950 च्या दशकात विकसित केली, तिचेच तत्त्व येथे वापरले जाते: हाडाची दोन टोके हळूहळू दूर नेली की मधल्या जागेत आधी मऊ ऊतक तयार होते आणि मग त्याचे हाड बनते. ते घट्ट होण्यास साधारण दोन ते तीन महिने लागतात. त्याआधी तारांनी दात या कोवळ्या जागेत ओढला, तर मुळाशेजारचे हाड व हिरडी दोन्ही खाली जाऊ शकतात. म्हणून घाई करू नका.

दाताला गार न कळण्याने लगेच घाबरू नका. शस्त्रक्रियेनंतर संवेदना काही महिने मंद राहू शकते, रक्तपुरवठा मात्र शाबूत असू शकतो. केवळ या एका कारणावरून रूट कॅनाल करून घेऊ नये. दात करडा पडू लागला, हिरडीवर पुळी आली किंवा हलणे वाढत गेले, तर मात्र तारखेची वाट न पाहता जावे.

ब्रश न लावणे हे मला सर्वांत जास्त खटकले. खालच्या समोरच्या दातांमागेच लाळेच्या ग्रंथींची तोंडे उघडतात, त्यामुळे किटण तिथे सर्वांत लवकर साचते, त्यात उपकरणाच्या आडोशाला अन्न अडकते. टाके आता भरले असतील, तरी एकदा जवळच्या दंतवैद्याला दाखवून अगदी मऊ ब्रश सुरू करावा, आणि उपकरणाखालून छोटा फटींचा ब्रश आतल्या बाजूनेही फिरवावा. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक औषधाच्या गुळण्या थोडे दिवसच कराव्यात, जास्त दिवस केल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात. या गुळण्या पेस्टने ब्रश केल्यानंतर अर्ध्या तासाने कराव्यात.

उत्तर (ही शस्त्रक्रिया झालेला, दारव्हा)

काका, मोबाइलची टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन ताईला स्वतःचे उपकरण मागून बघायला सांगा; मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा दातांच्या मागे पिवळी कडक पट्टी दिसली होती. मी तेव्हा चोरून तंबाखू-सुपारीचा खर्रा खात असे. जखम माझी लवकर भरत नव्हती, ते डॉक्टरांनी तोंड उघडताच ओळखले. भाकर मी दोन महिने वरणात चुरून खाल्ली.

प्रश्नकर्ते (दहा दिवसांनंतर)

काल यवतमाळला दाखवले. छोट्या एक्स-रेत मुळाच्या टोकाशी संसर्गाचा काळेपणा नाही, मधल्या हाडाची छाया अजून फिकी आहे. मागचे किटण निघाले तेव्हा बोटाच्या नखाएवढा तुकडा ताटलीत पडला आणि मुलगी तो बघतच राहिली. रक्त येणे कमी झाले आहे. हिरडीची पाकळी परत भरेल की नाही, हे फट बंद झाल्यावरच कळेल, आणि गरज पडल्यास टाळूवरची हिरडी लावता येईल, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले. तारा लावण्याची तारीख आम्ही पुढे ढकलून घेतली आहे.