बँडसोबत वाजवताना गिटार ऐकूच येत नाही, अ‍ॅम्पच्या सेटिंगसाठी मदत हवी आहे

नमस्कार.

आमचा पाच जणांचा बँड आहे. गायिका, कीबोर्ड, बेस गिटार, ड्रम्स आणि इलेक्ट्रिक गिटारवर मी. जुनी भावगीते नव्या मांडणीत आणि काही स्वतःच्या चाली असा आमचा कार्यक्रम असतो. घरी एकटा वाजवतो तेव्हा माझ्या अ‍ॅम्पचा आवाज भरदार आणि अगदी मनासारखा लागतो. मात्र सरावाच्या खोलीत बाकीचे चौघे सुरू झाले की तोच आवाज कुठे जातो ते कळत नाही. व्हॉल्यूम वाढवला की ड्रमवाला आपोआप जोरात वाजवू लागतो, गायिकेला स्वतःचा सूर ऐकू येईनासा होतो, आणि एवढे करूनही गिटारचे स्वर सुटे सुटे कानावर पडत नाहीत, नुसता खोलीतला कल्लोळ वाढतो.

अ‍ॅम्प ५० वॅटचा, ट्रान्झिस्टरवर चालणारा, १२ इंची एका स्पीकरचा आहे. गिटारला ब्रिजपाशी (तारा जेथे खोडावर टेकतात तेथे) हंबकर पिकअप (तारांचा कंप पकडणारे दुहेरी गुंडाळीचे साधन) आहे आणि बहुतेक गाण्यांत मी तोच वापरतो. नॉब सध्या असे असतात: गेन (आवाज किती फाटेल ते ठरवणारा) ७, बेस (खालचे स्वर) ७, मिड (मधले) ३, ट्रेबल (वरचे) ७, रिव्हर्ब (घुमारा) ४. खोली लहान, भिंती उघड्या सिमेंटच्या, आणि जागा नसल्यामुळे अ‍ॅम्प कोपऱ्यात जमिनीवर ठेवावा लागतो. गणेशोत्सवात एका सोसायटीत आमचा कार्यक्रम ठरला आहे. त्याआधी १०० वॅटचा अ‍ॅम्प घ्यावा असे मनात आहे, पण खर्च मोठा असल्यामुळे आधी जाणकारांना विचारतो आहे. आहे त्याच अ‍ॅम्पवर काही करता येईल का?

पहिला प्रतिसाद

१०० वॅटचा अ‍ॅम्प कृपया घेऊ नका. वॅट दुप्पट झाले की आवाजाची पातळी अवघी ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटायचा असेल तर साधारण १० डेसिबल, म्हणजे दसपट वॅट लागतात. ड्रमसेटसोबत सराव करायला ५० वॅट आणि १२ इंची स्पीकर पुरेसा आहे.

खरी अडचण तुमच्या नॉबच्या आकड्यांतच दिसते. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली की ८२ हर्ट्झचा स्वर मिळतो. बेस गिटारची जाड तार ४१ हर्ट्झची असली, तरी तिचा पहिला उपस्वर नेमका ८२ वरच येतो आणि किक ड्रमही त्याच आसपास धडकत असतो. दुसऱ्या टोकाला, ५ किलोहर्ट्झच्या वर सिंबल सगळे व्यापून टाकतात, आणि गिटारचा स्पीकर मुळात त्यापुढे फारसे काही देतच नाही. म्हणजे गिटारला हक्काचा उरतो तो मधला, सुमारे ४०० हर्ट्झपासून अडीच किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा, आणि मिड ३ वर नेऊन तुम्ही तोच खाली दाबला आहे. अनेक अ‍ॅम्पमध्ये, विशेषतः फेंडरच्या धर्तीवरील टोन सर्किटमध्ये, तिन्ही नॉब मधोमध ठेवले तरी मिडला खळगा असतोच. त्यामुळे तुमच्याकडे तो आणखी खोल झाला असण्याची शक्यता आहे.

यात कानाचा स्वभावही आड येतो. बेल लॅबमधील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की हळू आवाजात मधल्या स्वरांच्या मानाने खालचे आणि अगदी वरचे स्वर आपल्याला कमी ऐकू येतात. घरी शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हळू वाजवताना आपला हात सहजच बेस आणि ट्रेबल वाढवतो, आणि तेच सेटिंग सरावाच्या खोलीत मोठ्या आवाजावर खाली घुमते व वर टोचते. म्हणून बँडसाठीचे सेटिंग बँडच्या आवाजावर, सगळे वाजवत असतानाच लावायचे असते. सुरुवात बेस ३, मिड ७, ट्रेबल ५, रिव्हर्ब २ अशी करा. एकट्याने ऐकताना हा आवाज नाकातून आल्यासारखा लागेल, तरी तो लगेच बदलू नका.

गेनबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांचे तेथेच बिनसते. गेनमुळे येणारे डिस्टॉर्शन (आवाज फाटणे) वाढत जाते तसा आवाज दाबून सपाट होतो, आणि पिक तारेवर आपटते तो पहिला टणत्कार, ज्याच्यामुळे कान गिटारला गर्दीतून ओळखतो, तोच बोथट होतो. शिवाय डिस्टॉर्शनमध्ये एका वेळी अनेक स्वर गेले की त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे आगंतुक स्वर तयार होतात. पावर कॉर्डला (फक्त मूळ स्वर आणि पंचम) ते खपून जातात. भावगीतांच्या मांडणीत येणाऱ्या मेजर सेव्हन्थ किंवा मायनर नाइन्थसारख्या कॉर्डचा मात्र त्यात चिखल होतो. कॉर्ड धरा, पिक सहाही तारांवरून सावकाश ओढा आणि कान देऊन ऐका. प्रत्येक तार वेगळी मोजता आली तर गेन योग्य आहे, नाही तर कमी करा. माझा अंदाज आहे की तुम्ही ४ च्या आसपास थांबाल.

दुसरा प्रतिसाद

वरील सल्ला योग्यच आहे. मी लहान कार्यक्रमांचे साउंड सांभाळते, त्यामुळे अ‍ॅम्पच्या जागेबद्दल लिहिते. अ‍ॅम्प कोपऱ्यात जमिनीवर असेल तर दोन भिंती आणि फरशी मिळून त्याचा बेस फुगवतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे १२ इंची स्पीकरचे वरचे स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ पुढे जातात. अ‍ॅम्प जमिनीवर आणि तुम्ही दोन पावलांवर उभे असाल, तर तो झोत तुमच्या पोटरीवर पडतो, कानापर्यंत येतच नाही. तुम्हाला आवाज मंद वाटतो म्हणून तुम्ही ट्रेबल वाढवता, आणि समोर बसलेल्या कीबोर्डवाल्याला मात्र तोच आवाज कर्कश लागतो. अ‍ॅम्प भिंतीपासून हातभर पुढे आणून खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा, आणि आपल्या कानाची उंची त्याच्या समोर आणून मगच ट्रेबल ठरवा.

दुसरे असे की या गोष्टी एकट्या गिटारवाल्याने सुटत नाहीत. कीबोर्डवर स्ट्रिंग्जचा पॅड (व्हायोलिनसारखा लांबवलेला भरणा) दोन्ही हातांनी धरलेला असेल आणि तुम्ही त्याच वेळी पहिल्या तीन फ्रेटवर सहा तारांचे कॉर्ड वाजवत असाल, तर दोघे एकाच जागेसाठी भांडता. कीबोर्डवाल्याला अंतऱ्यात डावा हात उचलायला सांगा, आणि तुम्ही पाचव्या फ्रेटच्या वर, बारीक तीन तारांवर तीन स्वरांचे कॉर्ड वाजवा. तुम्ही दोघांनी कळत-नकळत तेच स्वर दोनदा वाजवण्यापेक्षा हे किती तरी मोकळे लागते. २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये गायिकेच्या शब्दांची स्पष्टता असते, तेव्हा ती गात असताना त्या भागात गिटार फार पुढे आणू नका. भावगीत आहे, शब्द ऐकू येणे सर्वांत आधी.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. कालच्या सरावात अ‍ॅम्प प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवला, बेस ३ आणि मिड ७ केले, गेन शेवटी साडेतीनवर आला. पहिल्या कॉर्डला आवाज फारच कोरडा वाटला, पण ड्रम्स आणि बेस गिटार सुरू झाल्यावर प्रत्येक स्वर स्वच्छ ऐकू येऊ लागला, आणि मास्टर व्हॉल्यूम आधीपेक्षा कमी ठेवूनही. कीबोर्डवाल्याने डावा हात सोडल्यावर बेस गिटारची चालही प्रथमच नीट कळली. गायिकेने स्वतःहून सांगितले की आता तिला सूर धरायला सोपे जाते.

एक अडचण उरली आहे. दोन गाण्यांत मधल्या संगीताच्या जागी माझा सोलो आहे. तेथे गिटार थोडी पुढे यायला हवी, पण गिटारचा व्हॉल्यूम नॉब वाढवला की आवाज मोठा न होता फक्त खरखर वाढते. यासाठी ओव्हरड्राइव्ह पेडल घ्यावे की इक्वलायझर?

पहिला प्रतिसाद देणारे

व्हॉल्यूम नॉब, ओव्हरड्राइव्ह किंवा अ‍ॅम्पच्या आधी लावलेला इक्वलायझर, या तिन्ही गोष्टी प्रीअ‍ॅम्पच्या, म्हणजे अ‍ॅम्पमधल्या गेनच्या पहिल्या टप्प्याच्या, आधी येतात. प्रीअ‍ॅम्प आधीच डिस्टॉर्ट होत असेल तर तो वाढलेला सिग्नल आवाजात न जाता गेनमध्ये जातो. ट्यूब स्क्रीमरसारखे पेडल बेस कापून ७०० हर्ट्झच्या आसपासचा भाग उचलते, त्यामुळे ते सोलोला धार देते, पण मोठेपणा देईलच असे नाही. तुमच्या अ‍ॅम्पच्या मागे इफेक्ट्स लूपचे (प्रीअ‍ॅम्पच्या नंतर पेडल जोडायची सोय) सेंड आणि रिटर्न असतील तर इक्वलायझर त्यात लावा. बॉस कंपनीच्या जीई-७ या इक्वलायझर पेडलला १०० हर्ट्झपासून ६.४ किलोहर्ट्झपर्यंत सात पट्टे आणि वेगळा लेव्हल स्लायडर असतो. १०० चा पट्टा थोडा खाली, ८०० आणि १.६ किलोहर्ट्झ ३ ते ४ डेसिबल वर, आणि लेव्हल गरजेपुरती वर. सोलोच्या आधी पाय ठेवायचा, संपला की पुन्हा दाबायचा. लूप नसेल तर मात्र गेन आणखी कमी करून अ‍ॅम्प जवळजवळ स्वच्छ ठेवावा लागेल, तेव्हाच पेडलच्या लेव्हलने आवाज खरोखर वाढेल.

दुसरा प्रतिसाद देणाऱ्या

सोलोच्या वेळी कीबोर्डवाल्याने पॅड हलका केला तर तुम्हाला तीन डेसिबलही पुरतील. कार्यक्रमाच्या दिवशी साउंडवाल्यांना अ‍ॅम्पला माइक लावायला आवर्जून सांगा आणि अ‍ॅम्पचा आवाज मंचावर तुम्हा पाच जणांपुरताच ठेवा. प्रेक्षकांपर्यंत तो मोठ्या स्पीकरमधून जाऊ द्या. एसएम ५७ हा माइक मिळाला तर उत्तम, तो स्पीकरच्या मध्यबिंदूपासून थोडा बाजूला, जाळीजवळ धरायला सांगा, कारण अगदी मध्यावर आवाज टोचरा येतो. साउंडचेकला एकट्या गिटारवर समाधान मानू नका. गायिकेसह सगळ्यात भरगच्च अंतरा आणि त्यापुढचा सोलो सलग वाजवून दाखवा, म्हणजे मिक्सरवर बसलेल्या माणसाला दोन्ही पातळ्या आधीच कळतील.