देसाई घराण्याची वंशावळ १८१८ च्या मागे कशी न्यावी?

खानापूरचा_देसाई: पूर्वज सरदार होते असं घरात सांगतात. नावं मात्र खापरपणजोबांपर्यंतच आहेत. पुढं कुठं शोधू?

मोडीवाचक: सरदारकी तूर्त बाजूला ठेवा. स्वतःपासून एकेक पिढी मागे जा. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जुन्या सर्व्हे नंबरावरून वारसनोंदी काढा. मग इनाम कमिशनचे, म्हणजे इनाम-वतनांचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजांच्या मंडळाचे कागद. १८५२ च्या कायद्यानंतर वतनदारांना हक्क शाबीत करायला सनदा आणि वंशावळ दाखवावी लागत असे. तुमचं खानापूर ज्या जिल्ह्यात, ते बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, म्हणून पुणे पुराभिलेखागारही बघा. तिथं आडनावानं नको, परगणा आणि गाव सांगून मागा. देसाई हे वतन, म्हणजे वंशपरंपरेचा हुद्दा; एकाच परगण्यात दोन घराणी त्यासाठी भांडलेली असतात. हक्कासाठी केलेल्या वंशावळीत दत्तक पुत्र सख्खा म्हणून येतो, त्यामुळं प्रत्येक पिढीला दुसऱ्या कागदाचा आधार हवाच.

निपाणीकर: गावात हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारे, येतात ना? त्यांच्या वहीत शाखा, मूळ गाव, सोयरीक मिळते. आजोबाचं नाव नातवाला ठेवतात, तेव्हा दोन पिढ्या एकच समजू नका भावा.

मोडीवाचक: तारखाही सांभाळा. जुन्या कागदांवर अरबी शब्दांत सुहूर सन असतो. इसवी सन काढायला त्यात जून ते डिसेंबर ५९९ मिळवा, जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. ‘खमस सबैन अलफ’ म्हणजे १०७५, अर्थात १६७४-७५. फसली या महसुली सनाला हा हिशेब लावलात तर नऊ वर्षांची चूक होते. तिथं ५९० आणि ५९१.