मदत हवी आहे: पाय गमावलेल्या भावाने शेती ठेवावी की दुसरं काही बघावं?

ऐरोलीची_ताई:
नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगते.

माझा धाकटा भाऊ शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या बाजूला शेती करतो. वय ३४, बारावी झालेला. घरची अडीच एकर जमीन. दीड एकरात भात, बाकी वरकस (भात न होणारी चढाची जमीन), तिथे बोअरच्या पाण्यावर दिवाळीनंतर भेंडी आणि काकडी. गेल्या पावसाळ्यात चिखलणीच्या (लावणीआधी खाचरात चिखल करण्याच्या) वेळी पॉवर टिलर मागे घेताना डावा पाय रोटरमध्ये (फिरत्या पात्यांमध्ये) गेला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. जखम भरलीय, सध्या कुबड्यांवर आहे, कृत्रिम पाय अजून बसवलेला नाही. आमच्याकडचे कृषी सहायक भले, त्यांनी गोपीनाथ मुंडे अपघात योजनेचा अर्ज मुदतीत करून घेतला, त्याचे १ लाख खात्यावर आलेत. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाचं कार्डही झालंय, ६० टक्के.

आता घरात ज्याला त्याला मत आहे. काका म्हणतात जमीन विकून मोकळे व्हा. समृद्धी सुरू झाल्यापासून आमच्या भागात दलालांच्या गाड्या फिरतात, आणि सातबाऱ्यावर माझंही नाव असल्याने सहीसाठी मला फोन चालू आहेत. आमचे हे म्हणतात महाप्याला गेटवर नोकरी लावून देतो, बसून काम आहे. आईला किराणा दुकान हवंय. वहिनीच्या डोक्यात भातगिरणी आहे, कारण गावातली जुनी बंद पडलीय. आणि भाऊ? त्याला काहीही विचारलं की एकच उत्तर: "आवणीला (भात लावणीला) माणसं कुठून आणायची ते आधी सांगा."

असा निर्णय घ्यायचा कसा, इथेच माझं अडलंय. डॉक्टर पायाबद्दल सांगतात, बँकवाला कर्जाबद्दल सांगतो, पण या माणसाने पुढची तीस वर्षं काय करावं हे बसून बघणारं कुणी असतं का? आणि ते १ लाख कशात घालावेत? "हिंमत द्या" वगैरे कृपया लिहू नका. हिंमत त्याच्याकडे आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त आहे.

नाना_ठाणेकर:
सगळ्यात आधी, सही करू नका. निदान वर्षभर तरी नाही. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला आपल्या राज्यात शेतजमीन घेता येत नाही. अडीचची अडीच एकर विकलीत आणि दुसरीकडे कुठे नाव नसेल, तर भावाचं आणि तुमचंही शेतकरीपण गेलं. उद्या वाटलं की दहा गुंठे घेऊन नर्सरी टाकू, तर घेता येणार नाही. विकायचीच वेळ आली तर थोडा तुकडा राखून विका. दलाल हे कधीच सांगत नाही.

मस्तमौला:
अडीच एकरात काय ठेवलंय? विका, एफडी करा, व्याजावर आरामात बसा. भावनेपोटी शेती करणारे शेवटी रडतात.

भातवाला_मुरबाड:
मस्तमौला, चौतिसाव्या वर्षी व्याजावर बसलेला माणूस चाळिशीपर्यंत काय होतो ते गावोगाव बघायला मिळतं. असो.

ताई, मला लहानपणापासून उजव्या पायाला पोलिओ आहे, आणि मी शेतीच करतो. तुमचा भाऊ आवणीबद्दल विचारतो म्हणजे तो बरोबर जागी बोट ठेवतोय. आपल्या भातशेतीत दोनच कामं पायाचा जीव काढतात, चिखलणी आणि आवणी. कापणी बसून होते, झोडणी उभ्याने होते. म्हणून मी ती दोन कामंच काढून टाकली. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांची सगुणा भात पद्धत बघून घ्या. गादीवाफे एकदा करायचे, मग दरवर्षी नांगरट नाही, राब (रोपांसाठी जमीन भाजणं) नाही, चिखलणी नाही, आवणीही नाही. लोखंडी साच्याने वाफ्यावर भोकं पाडायची आणि प्रत्येकात तीन-चार दाणे टाकायचे. माणसं लागतात, पण आवणीच्या मानाने फारच कमी, आणि मुख्य म्हणजे पाय पोटरीभर चिखलात जात नाही. तणाला मात्र माफी नाही. तणनाशकाची वेळ चुकली की भात शोधावं लागतं. पाणी तुंबणारं खोलगट खाचर असेल तर तिथे हा प्रयोग नको, तेवढं दुसऱ्याला अर्धेलीने (निम्म्या पिकाच्या बोलीवर) द्या.

भाजीचं म्हणाल तर भेंडीची तोडणी एक दिवसाआड असली तरी उभ्याने होते. काकडी मांडवावर घ्या, जमिनीवर पसरू देऊ नका, म्हणजे माल कमरेच्या वर येतो. दोन ओळींत कुबडी किंवा चाकाचं स्टूल जाईल इतकी जागा सोडा. ओळी कमी बसतील, बसू देत. त्याला जमणार नाही ते एकच, भरलेला क्रेट उचलून बांधावरून नेणं. त्यासाठी एकचाकी हातगाडी घ्या आणि शेतापासून रस्त्यापर्यंतचा एकच बांध रुंद, कोरडा करून घ्या, मुरूम टाकून. माझ्याकडे सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला खर्च हाच.

फिजिओवाली_सिद्धी:
मी ठाण्यात पुनर्वसनाचंच काम करते, म्हणून वैद्यकीय बाजू सांगते.

पाय कापल्यानंतर पहिल्या वर्षात स्टंप (पायाचा उरलेला भाग) आटत जातो. आज मापाने बनवलेलं सॉकेट (कृत्रिम पायाचा स्टंपवर बसणारा भाग) काही महिन्यांत सैल होणार, हे गृहीत धरा. म्हणजे ते १ लाख आत्ताच महागड्या पायात घालू नका. हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, तिथे दाखवा. जयपूर फूटचाही विचार करा. रामचंद्र शर्मा आणि डॉ. सेठी यांनी तो १९६८च्या सुमारास बनवला तोच मुळी अनवाणी चालणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या, चिखलात उतरणाऱ्या माणसांसाठी. शहरातल्या गुळगुळीत फरशीसाठी बनवलेला पाय शेतात काय कामाचा?

शेतावर काम करताना स्टंपला घाम येतो, मोजा ओला होतो, ओल्या मोज्यावर कातडी सोलते. दुपारी पाय काढून स्टंप कोरडा करायचा आणि दुसरा मोजा चढवायचा, हे औषधासारखं पाळायला सांगा. एकदा जखम झाली की ती भरेपर्यंत पाय घालता येत नाही. ऐन तोडणीच्या हंगामात हे परवडणार नाही. म्हणून म्हणते, चालायची सवय उन्हाळ्यात होऊ दे, पहिला पावसाळा तो काठावर उभा राहून काढेल असं धरूनच आखणी करा.

"बसून बघणारं कुणी असतं का" या प्रश्नाला उत्तर: शीवला कामगार मंत्रालयाचं दिव्यांगांसाठीचं राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे. तिथे माणसाला काय येतं, काय जमेल हे तपासून सल्ला देतात. कल नोकरी आणि प्रशिक्षणाकडे असतो, शेताच्या बांधावर येऊन कुणी बघणार नाही. वाशीचं पालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र चांगलं आहे, पण ते प्रामुख्याने नवी मुंबईच्या रहिवाशांसाठी. भाऊ शहापूरचा, त्याच्यासाठी जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग गाठा. ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत ५ टक्के दिव्यांग निधी असतो, तोही मागा. मागितल्याशिवाय मिळत नाही.

परदेशस्थ_पांडू:
बांधावर येऊन बघणारी सोय अमेरिकेत आहे. १९९०च्या फार्म बिलातून ॲग्रॅबिलिटी नावाचा कार्यक्रम निघाला, १९९१पासून चालू आहे. कृषी खात्याचा पैसा, विद्यापीठाचा विस्तार विभाग आणि अपंगांसाठी काम करणारी संस्था, असे मिळून चालवतात. माणूस शेतकऱ्याबरोबर शेतभर फिरतो, एकेक काम बघतो: हे तसंच जमेल, हे अवजार बदलून जमेल, हे दुसऱ्याने करावं, हे बंदच करावं. मग धंद्याचा हिशेब. तिकडचे ट्रॅक्टर आणि तिकडची शेकडो एकर आपल्या उपयोगाची नाहीत, पण ही फेरी तुम्ही रविवारी भावाबरोबर मारू शकता. वही घेऊन जा. वर्षाची कामं महिन्याप्रमाणे लिहा आणि प्रत्येकासमोर त्याने स्वतः खूण करायची. काकांनी नाही, तुम्हीही नाही.

मला विचाराल तर "शेती की नोकरी" हा प्रश्नच चुकीचा मांडलाय. गेटवरच्या नोकरीत बारा तासांची पाळी असते, आणि किन्हवलीहून आसनगाव, तिथून लोकल, कुबड्यांवर. त्याला बसून काम म्हणायचं?

ऐरोलीची_ताई:
सगळ्यांचे आभार, इतकं कामाचं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. मुरबाडच्या दादांचा प्रतिसाद भावाला वाचून दाखवला. मांडवाचं पटलं. साच्याचं म्हणाला, "बघितल्याशिवाय नाही." म्हणजे नाही म्हणाला नाही.

गिरणीबद्दल कुणी सांगेल का? वहिनी मागे लागलीय.

बँकेतला_बाप्या:
गिरणीवर मी. भात पिकवायला पीएमईजीपी (केंद्राच्या स्वयंरोजगार योजनेतलं कर्ज-अनुदान) मिळत नाही, भरडायला मिळतं. ग्रामीण भागातल्या दिव्यांग अर्जदाराला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचे फक्त ५ टक्के. अनुदान लगेच हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून पडून राहतं. दुसरा रस्ता पीएमएफएमई, सूक्ष्म अन्नप्रक्रियेसाठी, तिथेही ३५ टक्के, कमाल १० लाख. दोन्हींपैकी एकच धरा. दिव्यांग वित्त व विकास महामंडळाचं कर्ज शेती आणि जोडधंदा दोन्हींना आहे, व्याज कमी.

पण अनुदान बघून धंदा निवडू नका, इथे भलेभले फसतात. आधी तीन गोष्टी विचारा. गावात थ्री-फेजची वीज दिवसातून किती तास असते? जुनी गिरणी बंद का पडली? आणि भात भरडायला येतं ते दिवाळीपासून होळीपर्यंत, उरलेले महिने काय? जोडीला पिठाची चक्की असेल तरच वर्षभर चार पैसे येतील. दुसरं म्हणजे, पट्ट्याला पूर्ण जाळी बसवल्याशिवाय कृत्रिम पायावरच्या माणसाला त्या खोलीत उभं करू नका. एकदा यंत्राने घेतलंय.

गिरणी कुणाच्या नावावर, हेही ठरवा. वहिनींची कल्पना आहे, त्या चालवणार असतील तर भाऊ तोडणी सांभाळेल आणि संध्याकाळी हिशेब. दोघांनी मिळून उभं करायचं हे. त्यांना लीड बँकेच्या आरसेटीत (ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत) पाठवा, प्रशिक्षण राहण्या-जेवण्यासह मोफत असतं.

आणखी एक. संजय गांधी निराधारचा अर्ज करणार असाल तर दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार आहे. २०२५मध्ये रक्कम महिना २,५०० केली. चांगलीच आहे, पण त्या अडीच हजारांसाठी गिरणी कागदावर कमी दाखवायचा मोह होतो आणि मग पुढचं कर्ज अडतं. आधी ठरवा कुठल्या रस्त्याने जायचंय.

नाना_ठाणेकर:
भाताचा भावही धरा हिशेबात. २०२५-२६चा साध्या भाताचा हमीभाव २,३६९ रुपये क्विंटल, आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर. मजुरी देऊन सगळं भात विकलं तर हाताशी काय उरतं ते कागदावर मांडा. माझा अंदाज, भात खाण्यापुरतं आणि पेंढ्यापुरतं ठेवाल, पैसा भाजीतून येईल.

ऐरोलीची_ताई:
हिशेब बरोबर आहे, भात आम्ही विकतच नाही, वर्षाचं खायला आणि म्हशीला पेंढा.

रविवारी वही घेऊन जातेय. काकांना सही सध्या नाही म्हणून कळवलं. ते रागावलेत, रागावू देत. ते १ लाख तूर्तास तसेच ठेवणार, त्यातून फक्त बांधावर मुरूम, मांडवाची तार-बांबू आणि हातगाडी. गिरणीचं जुन्या मालकाशी बोलल्यावर.

एकच राहिलं. तो टिलर अजून गोठ्यात उभा आहे. आई म्हणते डोळ्यांसमोर नको, विकून टाका. भाऊ विकू देत नाही. काय करावं?

भातवाला_मुरबाड:
त्याचं यंत्र आहे, त्यालाच ठरवू द्या. चालवता येत नसला तरी हंगामात भाड्याने देता येतो, आजूबाजूला टिलर किती थोड्या लोकांकडे आहे बघा. फक्त नुसता टिलर देऊ नका, चालवणारा आपल्या ओळखीचा द्या आणि डिझेल घेणाऱ्याचं. नाहीतर भाडं मिळेल हजाराचं आणि गिअरबॉक्सचा खर्च येईल पाच हजारांचा. मागे घेताना रोटर बंद करायचा, हे त्या चालवणाऱ्याला तुमचा भाऊच नीट शिकवेल. व्यनि (खासगी निरोप) केलाय, साचा बघायला या दोघं.