मदत हवी आहे: ३३३६६७ मूळ संख्या आहे हे वहीवर कसं दाखवायचं?

वडगावकर:
नमस्कार मंडळी. बेळगावात वडगावला आमचे दोन पॉवरलूम. गणिताशी संबंध साडीच्या तारा मोजण्यापुरता, चुकलं तर सांभाळून घ्या.

पोरगी नववीत, मराठी माध्यम. सुट्टीत तिनं चौकटीच्या वहीत १११११११११ ला त्याच संख्येनं गुणलं. नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडं सरकलेली. उभ्या रकान्यांची बेरीज १, २, ३ करत मधे ९ आणि परत उतरत १. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. मोबाईलवर ताळा करायला गेलो तर त्यानं शेपूट कापून पुढं ई१६ लावलं, म्हणून वहीच खरी. आमच्या आईला तो साडीचा काठच वाटला.

दहा एकं घेतली की मधल्या रकान्यात १० होतात, हातचा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ होऊन नक्षी फिसकटते. तेवढं कळलं. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी या संख्यांना डेम्लो म्हटलं. नऊ एकांच्या उत्तराची अंकबेरीज ८१, आणि त्याला ८१ नं पूर्ण भाग जातो. असल्या संख्येला 'हर्षद' नावही त्यांचंच.

अडलंय पुढं. १११११११११ चे अवयव ३ × ३ × ३७ × ३३३६६७. शेवटचा मूळ आहे, पाठ कर, असं शिकवणीत सांगितलं. पोरगी ऐकत नाही. वर्गमूळ ५७७ च्या जरा पुढं. म्हणजे शंभरावर मूळ संख्यांनी भागत बसायचं? जवळची वाट आहे काय?

जुना मास्तर:
शाबास पोरीची! ३३३६६७ ची तिप्पट करा, १००१००१. त्याला ९९९ नं गुणा, नऊ वेळा ९ येतो. म्हणजे ३३३६६७ चा कुठलाही मूळ अवयव 'प' घेतला तर १ भागिले प चा दशांश नऊ अंकांनी फिरणार. (तीनातच फिरला तर १००१००१ ला प नं भागून ३ उरतात, म्हणजे प हा ३च असायला हवा. पण ३३३६६७ ची अंकबेरीज २८, तेव्हा ३ बाद.) फर्मा या गणितज्ञाच्या नियमानं हे आवर्तन, म्हणजे फिरणाऱ्या अंकांची संख्या, प-१ ला भागतं. प विषम, म्हणून प-१ ला १८ नं भाग जायलाच हवा. ५७७ पर्यंत अशा मूळ संख्या सतराच: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७.

वडगावकर:
मास्तर, रात्री जेवणं झाल्यावर दोघं बसलो. ३७ नं भागून १ उरला तेव्हा पोरगी ओरडलीच, "एकानं वाचली!" ५२३ ला सात कमी पडले. शेवटी ५७७, बाकी १६१. सतराही झाल्या. फर्माचं मात्र माझ्या डोक्यात शिरलं नाही. १ भागिले ७ पासून सुरू करू काय?

जुना मास्तर:
करा. सहा अंकांनी फिरेल. मग १३ घ्या, तिथंही सहाच, पण १२ ला सहानं भाग जातो की नाही बघा.