मदत हवी आहे : किडनी कमजोर, त्यात अँजिओग्राफी

नमस्कार मंडळी. आम्ही अंबाजोगाईजवळचे. अण्णा ६३ वर्षांचे, बीपी-शुगर जुनी. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.८, ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा) ४१, म्हणजे किडनी कमजोर; लघवीतून प्रोटीन जातं. आता जिना चढताना छाती भरून येते, म्हणून लातूरच्या हृदयाच्या डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली. किडनीवाले म्हणतात, करा, पण डाय (रक्तवाहिन्या एक्स-रेत दिसाव्यात म्हणून सोडतात ते औषध) कमीत कमी वापरायला सांगा, त्याचा किडनीला त्रास होऊ शकतो. दोघांचा मेळ घालायचा कुणी?

घरच्यांना वाटतं किडनी वेगळी, हृदय वेगळं. तसं नाही, एवढं मला कळलंय: किडनी बिघडली की बीपी वाढतं, रक्त कमी होतं, फॉस्फरस साचून रक्तवाहिन्या कडक होतात. कित्येक पेशंट डायलिसिसपर्यंत पोचायच्या आधीच हृदयविकारानं जातात. म्हणून तपासणी टाळायची नाहीये.

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी सांगा: आधी सलाईन दिली का? मेटफॉर्मिन (शुगरची गोळी), पाण्याच्या गोळ्या (लघवी वाढवणाऱ्या) बंद ठेवल्या का? नंतर क्रिएटिनिन कधी तपासलं? लातूर किंवा संभाजीनगरात किडनी आणि हृदय दोन्हीचे डॉक्टर एकाच ठिकाणी कुठे मिळतील?

आणि हो, अण्णांना ठेच्याशिवाय भाकरी उतरत नाही. कमी सोडियमचं मीठ आणलं होतं, त्यात पोटॅशियम असतं म्हणून डॉक्टरांनी तेही बंद केलं. चवीला काय करता?